सेप्टिक शॉकमधील स्टेरॉईड आणि एक अर्धवट संदेश

गंभीर जिवाणूसंसर्ग झालेल्या रुग्णाला स्टेरॉईड देणे म्हणजे त्याची प्रतिकारशक्ती मारणे होय, ते घातक असल्याचे चाचण्यांत सिद्ध झाले आहे आणि करोनाकाळातील काळी बुरशी हा त्याचा पुरावा आहे, असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो.

पहिले विधान मात्रेचा विचारच करत नाही. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे गंभीर संसर्गामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो तेव्हा, दिले जाणारे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉईड म्हणजे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकच. रक्तवाहिन्या सैलावून, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रक्तदाब वाढवणारे औषध वाढवूनही रक्तदाब सावरत नसेल, तेव्हा या संप्रेरकामुळे रक्तवाहिन्या त्या औषधाला पुन्हा प्रतिसाद देऊ लागतात. जंतू मारण्याचे काम अर्थातच प्रतिजैविकांचे.

चाचण्यांचा दाखला खरा आहे, पण जुना. १९८७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मिथाइलप्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉईडचा लाभ दिसला नाही. त्यांत पहिलीच मात्रा दर किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १,८०० मिलिग्रॅम होती. आज दिवसाला दिले जाणारे २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन परिणामाच्या हिशेबाने मिथाइलप्रेडनिसोलोनच्या जेमतेम ४० मिलिग्रॅमएवढे भरते. या कमी मात्रेची २०१८ मध्ये सुमारे ३,८०० रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तीत ९० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण हायड्रोकॉर्टिसोन मिळालेल्यांत २७.९ आणि न मिळालेल्यांत २८.८ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच राहिले. शॉक मात्र साधारण चारऐवजी तीन दिवसांत ओसरला. त्याच वर्षीच्या फ्रान्समधील चाचणीत हायड्रोकॉर्टिसोनला फ्लुड्रोकॉर्टिसोन या आणखी एका स्टेरॉईडची जोड देऊन दोन्ही दिल्यावर, ती न मिळालेल्यांच्या तुलनेत, मृत्यूंचे प्रमाण ४९.१ वरून ४३ टक्क्यांवर आले. जीव किती वाचतात यावर मतभेद राहू शकतात. ‘घातक सिद्ध झाले’ असे म्हणायला मात्र यांत आधार नाही. रक्तातील साखर वाढते, हे खरे, आणि २००८ च्या एका चाचणीत नवे संसर्गही अधिक आढळले होते. त्यासाठीच रुग्णावर लक्ष ठेवावे लागते.

काळ्या बुरशीचे उदाहरण इथे गैरलागू आहे. २०२१ मध्ये भारतात ती पसरली, तेव्हा मूळ आजार विषाणूचा होता, अनेकांचा मधुमेह आटोक्याबाहेर होता आणि प्राणवायूची गरज नसलेल्यांनाही स्टेरॉईडे दिली गेली होती.

संदेशाच्या विरुद्ध टोकाला जाऊन प्रत्येक संसर्गात स्टेरॉईड मागणेही चूकच. शॉक नसलेल्या सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडू लागलेल्या, ३८० रुग्णांवरील २०१६ च्या जर्मन चाचणीत हायड्रोकॉर्टिसोनने पुढचा शॉक टळला नाही. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ते रक्तदाबाची औषधे सतत लागत असलेल्या सेप्टिक शॉकसाठीच सुचवतात.