पोरं जास्त म्हणून लाभ जास्त? एकदा हिशेब मांडून बघू

लाडक्या बहिणीचा हप्ता जमा झाला किंवा निवडणूक जवळ आली, की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण आशय तोच असतो: गरीब लोक फुकट रेशनसाठी आणि सरकारी पैशांसाठी पोरं वाढवतात, जितकी डोकी जास्त तितकी चैन, आणि हे सगळं आपल्या टॅक्समधून. तेव्हा दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांचे सगळे लाभ बंद करा, परदेशात असंच करतात, लोकसंख्या आपोआप आटोक्यात येईल. खाली ‘सहमत असाल तर पुढे पाठवा’.

मी पुढे पाठवत नाही. का, ते मुद्द्यागणिक लिहितो.

‘जितकी डोकी, तितकं धान्य’

हे अर्धं खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना पटतं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात दोन प्रकारचे लाभार्थी आहेत. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य. इथे एक युनिट, म्हणजे कार्डावरचं एक माणूस, वाढलं की ५ किलो वाढतं, मान्य. पण खाणारं तोंडही वाढतं ना! गावाकडे माणशी महिन्याला साडेनऊ किलोच्या आसपास धान्य लागतं. म्हणजे रेशनमधून निम्मंच भागतं, उरलेलं दुकानातून विकत. डोकी वाढली की विकतचा बोजाही त्याच पटीत वाढतो. शिवाय ५ किलो गहू-तांदूळ म्हणजे बाजारभावाने दीडशे-दोनशे रुपये. एवढ्यासाठी कुणी मूल जन्माला घालत असेल, तर त्याने मुलाला रोज अर्धा लिटर दूध पाजायला किती लागतात हे कधी मोजलेलं नसणार.

दुसरा प्रकार अंत्योदय. पिवळं कार्ड, सगळ्यांत गरीब घरं. इथे धान्य डोक्यावर नाही, कार्डावर मिळतं: घरात कितीही माणसं असोत, ३५ किलो. दोन म्हातारी माणसं असतील तर माणशी साडेसतरा किलो. नऊ जणांचं घर असेल तर माणशी चार किलोसुद्धा नाही. आठवं माणूस आलं की अंत्योदयवाला प्राधान्यवाल्यापेक्षा मागे पडतो. म्हणजे सगळ्यांत गरीब म्हणून ज्याला वेगळं कार्ड दिलं, त्याचंच घर मोठं असेल तर त्याला माणशी कमी धान्य. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीत नसावं, किंवा माहीत करून घ्यायचं नसावं.

आता ‘फुकट’चं बघू. कोविडच्या काळात, एप्रिल २०२० पासून, नेहमीच्या धान्याखेरीज माणशी ५ किलो जास्तीचं फुकट मिळत होतं. जानेवारी २०२३ पासून ते बंद झालं आणि नेहमीचं धान्य फुकट झालं. बातमी ‘मोफत रेशन’ अशी आली, म्हणून बहुतेकांना वाटलं की काहीतरी वाढलं. नऊ जणांच्या अंत्योदय घराला डिसेंबर २०२२ मध्ये ३५ अधिक ४५ असे ८० किलो मिळाले असतील, तर जानेवारीत ३५. गव्हाला २ आणि तांदळाला ३ रुपये किलो द्यावे लागायचे, ते शंभरेक रुपये वाचले, आणि ४५ किलो धान्य गेलं. दोघांच्याच घराला ४५ किलोचे ३५ झाले. एकाच निर्णयात छोट्या घराचं १० किलो गेलं आणि मोठ्याचं ४५. सहा जणांच्या प्राधान्य कुटुंबाचं ६० वरून ३० वर आलं. कोविडचं धान्य कायमचं नव्हतं, हे मलाही कळतं. पण बदल झाला तेव्हा कुणाच्या ताटातलं जास्त गेलं, ते तरी नीट सांगावं.

कार्डावर नाव असलं तरी धान्य मिळेलच असंही नाही. प्रत्येक तालुक्याला लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती जणांना धान्य द्यायचं तो आकडा, ठरवून दिलेला असतो, आणि तो मुळात २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. तो भरलेला असेल तर बाळाचं नाव कार्डावर चढलं तरी त्याचं धान्य लगेच सुरू होत नाही. त्यात आता ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. घरातल्या प्रत्येकाने रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लावायचा. आजीच्या बोटावरच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेतच नाही. दुकानदार तिचं बोट ओल्या फडक्याने पुसतो, दुसरं बोट ठेवायला लावतो, मग तिसरं. पोरगं लहान असताना आधार काढलेलं, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे द्यायचे राहिलेले. एक भाऊ उसतोडीला गेलेला. तिघांच्या घरात तीन अंगठे जुळवायचे असतात, नऊ जणांच्या घरात नऊ. नाव कुठल्या घरातून आधी गळणार, सांगा.

‘पैसेही पोरांच्या हिशेबाने मिळतात’

नाही मिळत. एकेक योजना घ्या.

लाडकी बहीण जुलै २०२४ पासून सुरू झाली, महिना १५०० रुपये. बाईला मूल नसो वा सहा असोत, रक्कम तीच. उलट एका कुटुंबातल्या दोघींपेक्षा जास्त जणींना लाभ नाही, एक विवाहित आणि एक अविवाहित. २०२५ मध्ये छाननी होऊन २६ लाखांवर नावांचा लाभ थांबवला गेला, तेव्हा दिलेल्या कारणांत ‘एकाच कुटुंबात दोनपेक्षा जास्त लाभार्थी’ हेही होतं. सासू, दोन सुना आणि नणंद एका चुलीवर जेवत असतील, तर तो फटका त्यांना.

मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला ५००० रुपये, दुसरं बाळ मुलगी असेल तरच ६०००, तिसऱ्याला काही नाही. गंमत अशी की अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६००० रुपयांचा हक्क लिहिलेला आहे, कितवं मूल याची अट न घालता. आधीच्या इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजनेत पहिल्या दोन बाळंतपणांना पैसे होते. २०१७ मध्ये ते एकावर आणले आणि २०२२ मध्ये मुलीपुरतं दार किलकिलं केलं.

उरलेल्यांचं पटकन सांगतो. अन्नपूर्णा योजनेचे वर्षाला तीन सिलिंडर घरामागे. सणासुदीला मिळायचा तो आनंदाचा शिधाही कार्डामागे एक: रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर तेल, करंज्या खाणारे तीन असोत की दहा. घरकुल २५ चौरस मीटरचं, म्हणजे पावणेतीनशे चौरस फुटांच्या आतबाहेर, घर मोठं म्हणून खोली मोठी होत नाही. रोजगार हमीचंही असंच. १९७७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यात गावातला कुणीही प्रौढ काम मागू शकायचा. केंद्राच्या २००५ च्या कायद्याने १०० दिवस दिले, पण सगळ्या घराला मिळून. घरात कमावते हात पाच असले तर केंद्राच्या पैशांतले ते शंभर दिवस पाचांत वाटले जायचे; त्यापुढच्या दिवसांच्या मजुरीचा भार महाराष्ट्रात राज्य सरकारवर.

उत्पन्नाच्या मर्यादेकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्न गावात ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांच्या आत हवं. ही मर्यादा पूर्ण कुटुंबाची. तिघांच्या घराला ४४ हजार म्हणजे माणशी साडेचौदा हजारांच्या वर, आठ जणांच्या घराला माणशी साडेपाच हजार. आठ जणांचं घर ५० हजार कमावतं म्हणून कागदावर ‘अपात्र’ आणि तिघांचं घर ४३ हजारांवर ‘पात्र’. दोघांत जास्त गरीब कोण, हे विचारायला फॉर्मवर रकानाच नाही.

‘आपल्या टॅक्समधून’

प्राप्तिकर भरणारे कमी, हे बरोबर. पण साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी सगळेच भरतात, आणि मोठं घर साबणाच्या वड्या जास्त वापरतं. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

‘लाभांमुळे पोरं वाढतात’

असं असतं तर गेल्या तीस वर्षांत महाराष्ट्रात पोरांचा सुकाळ व्हायला हवा होता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ मध्ये राज्यातला एकूण जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २.९ होता, २०१५-१६ मध्ये १.९ झाला आणि २०१९-२१ मध्ये १.७. दोन मुलांनी आईबापाची जागा भरून काढायला साधारण २.१ लागतो, त्याच्याही खाली. याच काळात अन्नसुरक्षा कायदा आला आणि धान्य स्वस्त झालं. तमिळनाडूत २०११ पासून रेशनचा तांदूळ फुकट आहे, कार्डवाल्यांत गरीब-श्रीमंत असा भेदही फारसा नाही. तिथला जननदर २०१९-२१ मध्ये १.८. बिहारमध्ये ३.०, आणि बिहारचं रेशन तमिळनाडूपेक्षा उदार आहे असं कुणी म्हणणार नाही. फरक पडतो तो मुलींच्या शिक्षणाने, लग्नाच्या वयाने, आणि झालेलं मूल जगेल या खात्रीने.

‘परदेशात बंद करतात’

ब्रिटनने केलं होतं. ६ एप्रिल २०१७ नंतर जन्मलेल्या तिसऱ्या मुलापासून पुढच्या मुलांची गरिबी-भत्त्यातली रक्कम बंद झाली. जन्मदरावर परिणाम नगण्य झाला, मोठ्या कुटुंबांतली गरिबी मात्र वाढली. झळ बसलेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त घरांत कुणी ना कुणी कामाला जात होतं. शेवटी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ही अट एप्रिल २०२६ पासून काढून टाकायची घोषणा झाली. फॉरवर्ड अजून तिथवर पोचलेला नाही.

‘दोनपेक्षा जास्त असतील तर सगळं बंद करा’

महाराष्ट्रात अशी अट आधीपासूनच आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीला २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आणि लेक लाडकी योजना बघा. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात, पण पहिल्या दोन अपत्यांपुरतेच, आणि दुसऱ्या वेळी कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेचा दाखला लागतो.

आता तिसरं मूल आपल्याकडे बऱ्याच घरांत का होतं, ते सगळ्यांना माहीत आहे. दोन मुली झाल्या, वंशाला दिवा हवा, म्हणून एक ‘चान्स’ घ्यायचा. तो चान्स पुन्हा मुलगीच निघाला की ती तिसरी. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये ‘नकोशी’ असं नाव ठेवलेल्या २८० हून अधिक मुलींचं समारंभ करून नव्याने बारसं केलं होतं. घरी जिचं नाव नकोशी, तिला सरकारी यादीतही जागा नाही, आणि फॉरवर्ड म्हणतो की तिचं ५ किलो धान्यही काढा. तिच्या आईला तिसऱ्यांदा बाळंत व्हायचं होतं का, हे तरी कुणी विचारलं होतं?

मला विचाराल तर दुरुस्ती उलट्या बाजूने करायला हवी. अंत्योदयला ३५ किलो किंवा माणशी ५ किलो, यांपैकी जे जास्त होईल ते द्यावं. उत्पन्नाची मर्यादा घरातली माणसं मोजून ठरवावी. मातृवंदनेची कितव्या बाळाची अट काढून अन्नसुरक्षा कायद्यात लिहिलंय तेवढं तरी पाळावं. यातल्या कुठल्याही गोष्टीने कुणाच्या घरी पाळणा लवकर हलणार नाही.