फुटाला इंच

दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात भारी लढाऊ विमान कुठलं, यावर जाणकार अजून भांडतात. कुणी वेग काढतं, कुणी बंदुका मोजतं. मी एकच आकडा बघतो : पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची रुंदी. कारण ते विमान मांडीवर घेऊन, दुचाकीवर मागं बसून कोल्हापूरच्या महाद्वार रोडनं जायचं असतं ते मला.

विमानं करतात आमचे मामा. मंगळवार पेठेतल्या घराच्या माडीवर शिवणीचं लाकूड, रंधा, पटाशी, कानस, पॉलिश पेपर आणि फेविकॉल, एवढ्यावर त्यांनी हवाई दल उभारलंय. प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडायचे खोके बाजारात मिळतात, पण त्याला ते ‘जोडकाम’ म्हणतात आणि तोंड वाकडं करतात. लाकडाचा भुसा जिना उतरून थेट मामीच्या पिठाच्या डब्यात जातो. "मी चाळून चाळून दमलो," मामी म्हणते, "आता भाकरीत घावला तर कोंडा म्हणून खा, पोटाला चांगला असतोय."

मापाचा मामांचा नियम एकच : फुटाला इंच. खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे लाकडातला एक इंच. त्यामुळे माझ्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते मला आधीच कळतं. ब्रिटिशांच्या स्पिटफायरचे पंख ३६ फूट १० इंच, म्हणजे मांडीवर ३७ इंच. त्यांचंच हरिकेन ४०. जपानी झिरो ३९ आणि वर थोडं. अमेरिकेचं थंडरबोल्ट पावणेएक्केचाळीस. गाडीचं हँडल यापुढं बिचारं तोकडं पडतं. विमान फिरवून नाक रस्त्याच्या मधोमध केलं, तरी स्पिटफायरची लांबी ३० इंच आहेच. उभं धरू म्हटलं, तर मामा ओरडतात, "नाक वर करू नको, स्टॉल होईल, हवेतनं कोसळेल!"

गाडी तेच चालवतात. "तू कचकन ब्रेक दाबतोस, शेपूट मोडंल."

त्यातही स्पिटफायर म्हणजे धरणाऱ्याचा शत्रू. त्याचे ते जगप्रसिद्ध लंबवर्तुळाकार पंख! पातळ, हवेला कमी अडणारे, तरी आठ मशीनगन पोटात घेणारे. मामा पुठ्ठ्याचा साचा लावून आठवडेच्या आठवडे ती गोलाई घासतात. पण सरळ कड कुठंच नसल्यामुळं बोटं घसरतात. शिवाय चाकांचे पाय एकमेकांना चिकटून, त्यामुळं दोन्ही चाकं एकाच मांडीत रुततात आणि बिंदू चौक येईतोवर तो पाय माझा राहत नाही. हरिकेनचे पाय ऐसपैस, एक चाक या मांडीवर, एक त्या. स्पिटफायर मिचेल नावाच्या इंजिनिअरनं काढलं, पहिल्यांदा उडालं १९३६ साली, आणि मिचेलसाहेब १९३७ मध्येच गेले. तक्रार करायची कुणाकडं?

उपाय मी सुचवले नाहीत असं नाही. पुढं काही स्पिटफायरची पंखांची टोकं कापली होती, खालच्या उंचीवर चटकन गिरकी घेता यावी म्हणून. "रुंदी ३२ फुटांवर येते मामा, आपणही तेच करूया." मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग मी कॉर्सेअर काढलं. ते अमेरिकन नौदलाचं, जहाजावर मावावं म्हणून पंख वर दुमडायचं. "बिजागरी बसवायला मी काय कपाट करतोय?" इति मामा.

हा सगळा प्रवास कशासाठी, तर प्रत्येक काम वेगळ्या पेठेत. पंख्याच्या मधली टोकदार टोपी मामांना लेथवरचीच लागते, म्हणून उद्यमनगर. आणि ती नाकावर बसते का ते जागेवर बघायचं, म्हणून अख्खं विमान सोबत. तिथला टर्नर ऑइल इंजिनाचे पार्ट करणारा माणूस. त्यानं विमान खालून वर पाहिलं.

"ड्रॉइंग?"

"फुटाला इंच," मामा म्हणाले.

"टॉलरन्स किती ठेवू? मापात फरक किती चालंल?"

मामांना हा माणूस फार आवडला.

"नग किती?"

"एक."

"एका नगाला सेटिंग परवडत न्हाई मालक. शंभर तरी घ्या."

मामा क्षणभर विचारात पडले. त्या क्षणात मी मनातल्या मनात ३७०० इंच मोजले.

रंग मारायला गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडं. १९४० सालचं स्पिटफायर वरून हिरव्या आणि मातकट ठिगळांचं असतं. पेंटरला ते बघवेना. "साहेब, असं डागाळलेलं कशाला? मेटॅलिक निळा मारतो, पट्टे फुकट." मामांनी फोटो दाखवून त्याला कसाबसा वठणीवर आणला. विमान आणायला गेलो तेव्हा ठिगळं अगदी बरहुकूम होती. फक्त कॉकपिटच्या खाली पिवळ्या अक्षरांत ‘आई अंबाबाई प्रसन्न’ लिहिलं होतं. मामांचा चेहरा पडला. पण पेंटर हात जोडून म्हणाला, "नव्या गाडीवर मोकळं सोडत न्हाई आम्ही." गांधी मैदानापर्यंत मामा गप्प. मग म्हणाले, "निजामानं पैसे दिले म्हणून ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ नंबर स्क्वाड्रनचं, म्हणजे तुकडीचं, नाव हैदराबाद. लोक वर्गणी द्यायचे नि स्पिटफायरवर नाव घालून घ्यायचे. मग आंबाबाईनं काय घोडं मारलंय?" नाव अजून आहे.

रस्त्यावर लोक काय विचारतात? अख्ख्या कोल्हापुरात एकच प्रश्न : "उडतंय काय?" नाही म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत आपल्याबद्दल जी कणव येते, ती मी शत्रूलाही चिंतणार नाही. मंडळाच्या पोरांना ते गणपतीच्या देखाव्याला हवं असतं, खालून धूर सोडून. एका सिग्नलला तर निवृत्त सुभेदार भेटले. त्यांनी काच खाली केली नि दटावलं, "इंग्रजांची कसली करताय? आपल्या हवाई दलाचं नॅट करा! पासष्टला पाकिस्तानची सेबर विमानं पाडली त्यानं. एकाहत्तरला श्रीनगरवर सेखों त्यातच लढले, परमवीरचक्र!" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. नॅटचे पंख २२ फूट. बावीस इंच! ते मी पिशवीत नेईन.

मामांनी नॅट केलं नाही. हरिकेन केलं, तेही पोलिश वैमानिकांच्या ३०३ स्क्वाड्रनचं, १९४० साली ब्रिटनच्या आकाशात लढलेलं. कारण १९४३ ते ४८ या काळात वळिवड्याला, म्हणजे आताच्या गांधीनगरच्या बाजूला, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-पोरं. तेव्हा त्या मातीवर त्याचा फोटो पाहिजेच. गांधीनगरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना कापडाच्या गठ्ठ्यांचे टेंपो आणि मधून आमचे ४० इंच. टेंपोवाल्यांनी कुठल्याही व्हीआयपीला दिली नसेल एवढी वाट दिली. मोकळ्या रस्त्याला लागलो तर पंखाखाली वारं शिरून विमान वर ओढायला लागलं. मी ओरडून सांगितलं. मामांनी मागं न बघता गाडीचा वेग वाढवला. आनंद झाला होता त्यांना.

आता मॉस्किटो घेतलंय. जर्मन विमानं रात्री गाठणारं दोन इंजिनांचं ब्रिटिश विमान, आणि तेच मुळात लाकडाचं! दोन बाजूंना बर्चचं प्लायवूड, मधे बाल्सा, आणि भाग करायला फर्निचरचे कारखाने. "जे खरंच सुतारांनी केलं, ते आपण करायचं न्हाई म्हणजे काय?" मामांचा सवाल बिनतोड आहे. पंख ५४ फूट २ इंच.

मी गुपचूप कोपऱ्यावरच्या टेंपोवाल्याला गाठलं. उद्यमनगर जाऊन-येऊन किती घेणार विचारलं.

"माल काय?"

"विमान."

त्यानं तंबाखू मळायची थांबवली, जरा विचार केला. "जातानाचंच भाडं द्या मग. येताना उडवत आणा."