उद्देश मिळतो, हमी मिळत नाही

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात आई आणि मी रात्री आळीपाळीने जागत होतो. आई मनापासून श्रद्धाळू, आणि मी विशीपासून नास्तिक. वडिलांना कुशीवर वळवणे, अंथरूण बदलणे, रात्री दोनची औषधाची वेळ सांभाळणे, कोरडे पडलेले ओठ ओल्या कापसाने टिपणे ही कामे आम्ही दोघेही सारख्याच काळजीने करत होतो. त्यातले कोणते काम श्रद्धेच्या हातून झाले आणि कोणते अश्रद्धेच्या, हे तिसऱ्या माणसाला ओळखता आले नसते. ते गेल्यावर काही आठवड्यांनी मामांनी मला विचारले, "तुझा देवावर विश्वास नाही, परलोकावर नाही, पुनर्जन्मावरही नाही, मग तू जगतोस तरी कशासाठी?" प्रश्नात टोमणा नव्हता, खरे कुतूहल होते आणि थोडी काळजीही होती. मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. उत्तर नंतर हळूहळू सुचत गेले, ते इथे मांडतो आहे.

'कशासाठी' या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न दडलेले असतात. हे विश्व आणि त्यातला माणूस कोणी काही योजून निर्माण केला आहे का, हा पहिला. सकाळी उठून करावेसे वाटावे आणि खरोखरच करण्याजोगे असावे, असे काही माझ्या आयुष्यात आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'नाही' आले की दुसऱ्याचेही आपोआप 'नाही' येते, असे मामांप्रमाणे पुष्कळांना वाटते, आणि गंमत म्हणजे काही नास्तिकांनाही वाटते.

फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्र यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात कागद कापण्याच्या सुरीचे उदाहरण घेतले होते. सुरी घडवण्यापूर्वीच कारागिराच्या मनात तिचा उपयोग ठरलेला असतो. माणसाला असा कारागीर नाही, म्हणून तो आधी अस्तित्वात येतो आणि आपण कोण हे मागाहून ठरवतो, असे त्यांचे म्हणणे. मी हे उदाहरण उलट बाजूने पाहतो. समजा, कारागीर आहे आणि त्याने मला अमुक एका कामासाठीच घडवले आहे. तरीही ते काम करण्याजोगे आहे की नाही, हा प्रश्न उरतोच. सुरीला तो पडत नाही, मला पडतो. मालकाने गुलामाला नेमून दिलेले कामही उद्देश असलेलेच असते, पण त्यामुळे गुलामाच्या आयुष्याला अर्थ आला असे कोणी म्हणणार नाही. देवाने दिलेले काम चांगले असते म्हणूनच आम्ही ते आपले मानतो, असे श्रद्धावान माणूस म्हणेल. पण मग चांगले कशाला म्हणायचे याची काही ओळख त्याला आधीपासून असली पाहिजे. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादात सॉक्रेटिस हाच पेच टाकतो: पुण्यकर्म मुळात पुण्यकर्म असते म्हणून देवांना प्रिय होते, की देवांना प्रिय असते म्हणून ते पुण्यकर्म ठरते? पहिला पर्याय स्वीकारला तर त्या चांगुलपणाशी माझा संबंध थेट जोडता येतो. दुसरा स्वीकारला तर देवांना उद्या जे आवडेल ते चांगले ठरेल, आणि असला देव माझ्या आईलाही नको आहे.

सार्त्र यांच्याशी माझे एका ठिकाणी मात्र जमत नाही. त्यांच्या मांडणीत मूल्ये निर्माण करण्याचा सगळा भार माणसाच्या निवडीवर येतो. वडिलांची तहान महत्त्वाची मानायची, असे मी कधी ठरवल्याचे मला आठवत नाही. ती समोर होती, माझ्याकडे काहीतरी मागत होती, आणि मी पाठ फिरवली असती तरी तिचे मागणे खोटे ठरले नसते. दुसऱ्याची गरज, एखाद्या विद्येतला न सुटलेला प्रश्न, शिकायला आलेले मूल, अन्याय होत असताना गप्प बसलेली माणसे, ही सगळी आपल्या मर्जीबाहेरची आहेत. अर्थ आपण पोकळीतून घडवतो, असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की माझ्या अनुभवात अर्थ बहुतेक वेळा आयता अंगावर येऊन पडला आहे, आणि कित्येकदा नको असताना.

शिवाय ईश्वर नसेल तर प्रयोजन नाही, हे समीकरण आपल्या जुन्या दर्शनांनाही मान्य नव्हते. वैदिक कर्मांचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसा दर्शनात कुमारिल भट्टांनी सृष्टीकर्त्या ईश्वराचे खंडन केले आहे. सांख्य दर्शनाचा ग्रंथ असलेल्या ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतील सत्तावन्नावी कारिका तर थेट प्रयोजनाविषयीच बोलते: वासराच्या वाढीसाठी अचेतन दूध जसे वाहू लागते, तशी अचेतन प्रकृती (जड सृष्टीचे मूळ) पुरुषाच्या (चेतन आत्म्याच्या) मोक्षासाठी प्रवृत्त होते. कर्त्याशिवाय हेतू, असा हा दृष्टान्त आहे. आमच्या बाजूचे लोक अशी वचने लगबगीने खिशात टाकतात, म्हणून हेही सांगायला हवे की सांख्यांना मोक्ष मान्य होता, मीमांसकांना वेद प्रमाण होते, बौद्ध आणि जैन विचारात कर्म आणि पुनर्जन्म आहेत. त्यांना मी माझ्या पंक्तीत बसवू शकत नाही. माझ्याकडे मोक्षही नाही.

खरा अडसर मृत्यूचा आहे. रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय पन्नाशीच्या सुमारास, कीर्ती, संपत्ती आणि कुटुंब सगळे असताना, अशा अवस्थेला पोहोचले की त्यांनी घरातली दोरी स्वतःपासून लपवून ठेवली आणि बंदूक घेऊन शिकारीला जाणे सोडले. अटळ मृत्यू ज्याचा नाश करणार नाही असा काही अर्थ माझ्या जगण्यात आहे का, हा त्यांचा प्रश्न होता. तो सांगताना त्यांनी पूर्वेकडची म्हणून एक कथा दिली आहे: श्वापदाच्या भीतीने पळणारा माणूस विहिरीत लोंबकळतो आहे, तळाशी अजगर जबडा पसरून बसला आहे, काळा आणि पांढरा उंदीर आधाराची फांदी कुरतडत आहेत, आणि तो पानावरचे मधाचे थेंब चाटतो आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला जवळजवळ हीच गोष्ट सांगतो. मध गोड लागेनासा झाला तेव्हा टॉलस्टॉय श्रद्धेकडे वळले.

या कथेवर मी फार विचार केला आहे, आणि तिच्यातली एक गोष्ट मला खटकते. त्या विहिरीत दुसरे कोणीच नाही. माणूस एकटा आहे आणि मध त्याच्या एकट्याच्या जिभेवर पडतो आहे. आयुष्य म्हणजे मी चाखलेले थेंब, असे आधी गृहीत धरले, तर मृत्यू पुढे दिसताच ते थेंब बेचव होणारच. पण त्याच फांदीला शेजारी एखादे लहान मूल धरून लटकले असते, तर त्या माणसाला पहिल्यांदा मध आठवला असता का? मुलाला वरच्या कठड्यापर्यंत पोहोचवता आले, तर खालचा अजगर तेवढाच खरा राहतो, तरी ते काम निरर्थक होते असे मला तरी म्हणवत नाही. दहा लाख वर्षांनी यातले काहीच उरणार नाही, ही तक्रार ऐकली की मला अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगल यांच्या १९७१ सालच्या निबंधातला युक्तिवाद आठवतो: आपण आज जे करतो त्याला दहा लाख वर्षांनंतर महत्त्व नसेल, तर त्याच न्यायाने दहा लाख वर्षांनंतरच्या कोणत्याही गोष्टीला आज महत्त्व नाही, आणि 'त्या वेळी महत्त्व नसेल' या गोष्टीलाही नाही.

तत्त्वज्ञ सॅम्युएल शेफलर यांनी २०१३ साली मांडलेली कल्पना याहून अस्वस्थ करणारी आहे. आपण आपले पूर्ण आयुष्य जगू, पण आपल्या मृत्यूनंतर तीस दिवसांनी पृथ्वी नष्ट होणार आहे, हे आधीच कळले तर काय होईल? कर्करोगावरचे संशोधन, शाळा चालवणे, शब्दकोश तयार करणे, ही कामे मग हातात घ्यावीशी वाटतील का? मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारले तेव्हा माझा सगळा जोर ओसरला. स्वतःचा मृत्यू माहीत असूनही मी कामे करत होतो. इतरांचे असणे काढून घेतले की ती थांबली. म्हणजे मीही मरणोत्तर कशावर तरी विसंबून आहे, फक्त तिथे मी नसेन.

आता दुसरी बाजू, जी नास्तिक मंडळी सहसा कुजबुजतही नाहीत. शिगेहिरो ओइशी आणि एड डीनर या मानसशास्त्रज्ञांनी १३२ देशांतील पाहणीच्या आधारे २०१४ मध्ये दाखवले की आपल्या आयुष्याला अर्थ आहे असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण गरीब देशांत श्रीमंत देशांपेक्षा जास्त होते, आणि त्यामागचे एक मोठे कारण धार्मिकता हे होते. यावर 'ती भ्रामक भावना आहे' असे म्हणून मोकळे होणे मला उद्धटपणाचे वाटते. धर्म माणसाला सिद्धान्ताबरोबर एक व्यवस्था देतो: ठरलेल्या दिवशी एकत्र येणारी माणसे, दुःखाच्या वेळी म्हणायचे तयार शब्द, विसर पडला तर आठवण करून देणारे कोणीतरी. विवेकवाद्यांनी संस्था काढल्या, मासिके चालवली, पण शोकात बसलेल्या घरी जाऊन काय म्हणायचे हे आम्हाला अजून नीट जमलेले नाही.

याशिवाय धर्म एक हमी देतो, की केलेले वाया जात नाही. आगरकरांना ती हमी नव्हती. परलोकातल्या हिशेबावर भिस्त न ठेवता, दम्याने जर्जर शरीराने त्यांनी १८८८ पासून 'सुधारक' चालवला आणि १८९५ मध्ये वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण न करता ते गेले. त्यांच्या सुधारणांपैकी बहुतेकींचे फळ त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या आयुष्याला उद्देश नव्हता असे त्यांचे विरोधकही म्हणू शकणार नाहीत. पण शेवटच्या दिवसांत त्यांना कशाचा आधार वाटला असेल, हा विचार मनात आला की मी अडखळतो. जुलै १७७६ मध्ये मरणासन्न असलेले, परलोक न मानणारे स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांना चरित्रकार जेम्स बॉस्वेल भेटायला गेला, तेव्हा पूर्ण विनाशाच्या कल्पनेने ह्यूम जराही विचलित झाले नव्हते आणि बॉस्वेलच अस्वस्थ होऊन परतला. ह्यूम यांची ती शांतता माझ्याकडे नाही. वडील आता कुठेच नाहीत, हे वाक्य मी अजून मनातल्या मनातही सलग म्हणू शकत नाही.

मामांशी झालेले हे बोलणे मी आईला सांगितले. ती म्हणाली, "तू कशासाठी जगतोस हे मला दिसतं, ते मला विचारावं लागत नाही. पण ते पुन्हा भेटतील एवढासुद्धा आधार तुला नाही, याचं मला वाईट वाटतं." एरवी मी लगेच वाद घातला असता. त्या दिवशी घातला नाही, कारण तिचे म्हणणे खरे होते. मग आम्ही दोघांनी वडिलांची उरलेली औषधे बाहेर काढली, आणि न उघडलेल्या पाकिटांवरच्या तारखा पाहून, कोणाच्या तरी उपयोगी पडतील अशी वेगळी ठेवली.