काय उजेड पाडलात?

गेल्या रविवारची गोष्ट आहे आणि राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे भीमाशंकरला कसा गेलो, किती वाजता उठलो वगैरे वगळतो. हनुमान तळ्याच्या वाटेवर एका उंच झाडाच्या शेंड्याला शेकरू बसलं होतं. आपला राज्यप्राणी. तांबूस पाठ, फिकट पोट, फांदीवरून खाली सोडलेली झुपकेदार शेपटी. आणि मागे पांढरंफटक आभाळ.

म्हणजे वाट लागली. कॅमेऱ्याच्या मते अख्खं जग मध्यम करड्या रंगाचं असतं. पांढरं दिसलं की तो घाबरून फोटो काळवंडतो, काळं दिसलं की उजळत सुटतो. इथल्या नागफणीच्या कड्यावरचं दुधासारखं धुकं म्हणूनच फोटोत गळक्या चाळीच्या भिंतीसारखं येतं. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, आपणच एक-दीड स्टॉप, म्हणजे एक-दीड पायरी, वाढवायचं असतं. हे मला माहीत आहे. आठ वर्षं मी हे लोकांना फुकट सांगतोय.

तेवढ्यात मागून रेनकोटची सळसळ आली. एक काका. एका हातात कणीस, दुसऱ्या हातात मोबाइल.

"काय आहे वर?"

"शेकरू," मी कुजबुजलो.

"शेकरूऽऽ!" काकांनी दरीला कळवलं. मागचं अख्खं कुटुंब धावत आलं.

मी बारा फोटो काढले. काकांनी कणसासकट स्क्रीनवर मान घातली. "काळं आलंय हो. कावळा वाटतोय."

"उजेड मागून येतोय, काका."

"मग आपण पुढून पाडू की!" असं म्हणून त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला. सकाळी साडेदहा वाजता. चाळीस फूट उंचीवर. "हं, घ्या आता!"

"तिथवर नाही पोचायचा तो."

"न पोचायला काय झालं? आमच्या सोसायटीच्या टाकीचा तळ दिसतो याने."

"अहो, डोळ्यांवर नका मारू त्याच्या," काकू म्हणाल्या.

"पोटावर मारतोय!"

मी पुन्हा काढले. पुन्हा कावळा.

"केवढ्याला घेतला कॅमेरा?"

मी सवयीने घरी सांगतो तीच किंमत सांगितली, म्हणजे खऱ्याच्या निम्मी.

"मग बरोबर आहे," काका कणसाचा दाणा चावत म्हणाले. "स्वस्तातलं असंच."

यावर काय बोलणार? खरी किंमत सांगावी तर बायको शेजारीच उभी.

मग काकांनी टॉर्च बंद केला आणि त्याच मोबाइलने, झूम ओढून, एक बोट टेकवून फोटो काढला. मोबाइल एका दमात चार-पाच फोटो काढून त्यांची गोधडी शिवतो, हे मला ठाऊक आहे. पण शेकराच्या मिशा दिसत होत्या हो! माझ्या लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत.

नातवाने वेफर्सचं रिकामं पाकीट तिथेच टाकलं. मी उचललं तर काकू म्हणाल्या, "राहू दे हो, झाडणारे असतात." कोण असतात? १९८५ मध्ये हे अभयारण्य झालं ते याच शेकरासाठी, आणि वाटेवर एका शेकरामागे पन्नास पाकिटं दिसतात. स्पीकरवरची गाणी वेगळीच. माझा फोटो बिघडला याचा राग मी पाकिटांवर काढतोय असं बायको म्हणते. असेल.

गाडीत बसल्यावर लक्षात आलं. आदल्या संध्याकाळी एक भिजलेली म्हैस टिपताना एक्स्पोजर उणे १.७ वर नेलं होतं. ते तसंच राहिलं होतं. कॅमेरा बंद केला तरी ते आकडे जागचे हलत नाहीत, हेही मी लोकांना सांगत असतो. घरी संगणकावर शेकरू उजळून पाहिलं, तर अंगभर रवा पेरल्यासारखे दाणे. म्हैस मात्र अप्रतिम आली आहे. केस न् केस दिसतो.

निघताना काकांनी माझा नंबर घेतला होता, "पाठवतो तुम्हाला फोटो" म्हणून. पाठवला. सोमवारी सकाळी सहाला, मंगळवारी सहाला, आज सहाला. तेच शेकरू, त्याच मिशा, कोपऱ्यात गुलाब आणि खाली 'शुभ सकाळ'.