आठ दिवस फक्त मुंग्याच बघितल्या? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डे कॅम्पमधल्या निसर्गाच्या तासाबद्दल मी लिहिलं होतं त्यावर तुमची प्रतिक्रिया आली, दोनदा वाचली, आणि दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की तुमचा सात वर्षांचा मुलगा सुट्टीत आठ दिवस एका डे कॅम्पला गेला, रोज मातीत लोळून घरी आला, आणि काय शिकलास विचारलं तर म्हणाला "मुंग्या बघितल्या". वहीत एक ओळ नाही, पाच झाडांची नावं धड सांगता येत नाहीत, वर ऊन, किडे, खरचटलेले गुडघे. मुंग्या काय घरातही दिसतात, त्यापेक्षा घरी पंख्याखाली बसून व्हिडिओवर जास्त शिकला असता. आणि मी लिहिलेलं सगळं गोड गोड आहे, धोक्यांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते कारण तो बरोबर आहे. मी उन्हाबद्दल लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही.

मी ज्या कॅम्पमध्ये निसर्गाचा तास घेते तिथे सुरुवातीच्या एका वर्षी बाहेरचा तास सकाळी अकराला ठेवला होता, कारण आधी हस्तकला, मग खेळ, मग निसर्ग असं वेळापत्रक कागदावर छान बसत होतं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी चालता चालता खाली बसली, डोकं दुखतंय म्हणाली, मळमळायला लागलं, चेहरा लालभडक. तिला सावलीत आडवं केलं, पाय जरा उंच, मानेवर आणि काखेत ओले रुमाल, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात ठीक झाली. पण तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. लहान मुलांचं शरीर आपल्यापेक्षा लवकर तापतं, आणि खेळायच्या नादात त्यांना तहान लागलेली कळतच नाही, त्यामुळे "तहान लागली की पी" हे मुलांना सांगणं पुरेसं नसतं, शिट्टी वाजवून सगळ्यांनी एकदम प्यायचं असंच ठेवावं लागतं. आणि हेही इथेच लिहून ठेवते, मूल गोंधळल्यासारखं बोलायला लागलं, शुद्ध हरपायला लागली तर तो उष्माघात असू शकतो, तेव्हा वाट बघायची नाही, अंग पाण्यानं गार करत करत थेट डॉक्टरांकडे.

त्यानंतर आम्ही तास सकाळी लवकर आणला. पण खरा फरक पडला तो एका काठीमुळे. मोकळ्या जागेत सरळ काठी रोवायची, दर अर्ध्या तासानं सावलीच्या टोकाला एक खडा ठेवायचा. मुलं पहिल्या दिवशी नुसते खडे ठेवतात, दुसऱ्या दिवशी पैजा लावतात की पुढचा खडा कुठे येईल, तिसऱ्या दिवशी कोणीतरी हमखास ओरडतं की सर्वात लहान सावली घड्याळात बरोबर बाराला पडतच नाही! मग त्यावर एवढी चर्चा होते, की घड्याळ चुकतंय का सूर्य चुकतोय. आणि याच काठीवरून मी त्यांना नियम शिकवला: आपली सावली आपल्याहून बुटकी झाली की ऊन कडक झालं, आता झाडाखाली जायचं. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशावर असला की सावली आपल्या उंचीएवढी असते, तो वर चढला की ती आखूड होत जाते, एवढंच गणित. आता मला सांगावं लागत नाही, मुलंच एकमेकांची सावली पावलांनी मोजतात आणि "ताई, बुटकी झाली!" म्हणून सगळ्यांना हाकलतात. मुलाच्या कॅम्पला तुम्ही काय विचारायला हवं होतं म्हणाल तर हे, की बाहेरचा तास किती वाजता असतो, सावली आहे का, एका मोठ्या माणसामागे किती मुलं आणि मोजणी कोण करतं. याची उत्तरं अडखळत आली तर मुलाला पाठवू नका, यात मी पूर्ण तुमच्या बाजूनं आहे.

पण "त्यापेक्षा घरी पंख्याखाली" हे मात्र मला पटत नाही. बाहेर म्हणजे उन्हातच असं नाही ना. झाडाच्या सावलीतही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो, आणि वाढत्या डोळ्यांना तो लागतो. चीनमध्ये ग्वांगचौ शहरातल्या १२ शाळांमध्ये पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं अभ्यास झाला, निम्म्या शाळांत मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, बाकीच्या शाळांत नेहमीसारखंच. तीन वर्षांनी बाहेर राहिलेल्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना लांबचं अंधुक दिसण्याचा दोष (मायोपिया) आला होता, दुसऱ्या गटात सुमारे ४० टक्क्यांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. त्या ४० मिनिटांत कोणी मुलांना डोळ्यांचे व्यायाम दिले नव्हते, मुलं फक्त बाहेर होती.

आता मुंग्या. इथे मला तुमच्याशी मनापासून भांडायचंय.

"मुंग्या बघितल्या" हे तुम्हाला कमी वाटलं, मला ते वाक्य वाचून आनंद झाला, कारण सात वर्षांच्या मुलाला आठ दिवसांनंतरही मुंग्याच आठवतायत म्हणजे कोणीतरी त्याला मुंग्यांपाशी पुरेसा वेळ बसू दिलंय. घरात मुंग्या दिसतात हे खरं, पण घरात आपण त्यांच्याकडे फडकं घेऊन जातो.

आमच्याकडे असाच एक मुलगा होता, सात-आठ वर्षांचा, सगळे चतुराच्या मागे पळत होते आणि हा पायऱ्यांपाशी उकिडवा बसून राहिला. मी बोलवायला गेले तर म्हणाला थांब. त्यानं मुंग्यांच्या रांगेवरून बोट घासलं होतं आणि तिथे आल्यावर प्रत्येक मुंगी थबकत होती, मागे वळत होती, गोल फिरत होती. दोन्ही बाजूंना नुसती गर्दी. मग एक कोणीतरी पलीकडे गेली, मग दुसरी, आणि काही मिनिटांत रांग परत जुळली. त्यानं परत बोट घासलं. परत तेच. मग रांगेच्या शेजारी घासलं, तर काहीच झालं नाही! हे शेजारी घासून बघायचं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, मी तर अजिबात नाही, मी त्याला उठवायलाच गेले होते. मोठी माणसं ज्याला प्रयोग म्हणतात त्यात हाच तर जीव असतो, की एकच गोष्ट बदलून बघायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. मुंग्या जाताना जमिनीवर वासाचा माग सोडतात आणि मागच्या मुंग्या तो हुंगत येतात, हे मी त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण तेव्हा ते त्याच्या प्रश्नाचं उत्तर होतं, आदल्या दिवशी सांगितलं असतं तर ते नुसतं एक वाक्य झालं असतं.

त्याचा पुढचा प्रश्न, मग एकटी मुंगी घरी कशी जाते? यावर मी त्या सगळ्या गटाला प्राण्यांचं वागणं अभ्यासणाऱ्या निको टिंबर्गन या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. जमिनीत बीळ करून एकटी राहणारी एक गांधीलमाशी असते, ती बिळात असताना यानं बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडलं. ती बाहेर आली, वर घिरट्या घालून जागा बघून घेतली आणि उडून गेली. मग यानं ते कडं उचलून थोडं बाजूला मांडलं. माशी परत आली ती थेट कड्याच्या मधोमध उतरली, जिथे बीळ नव्हतंच. बीळ तिथून हाताच्या अंतरावर. म्हणजे ती आजूबाजूच्या खुणा पाठ करून जात होती. पाइनची फळं आणि भरपूर चिकाटी, एवढंच सामान. याच टिंबर्गनला १९७३ साली कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लोरेन्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं. आणि सहारा वाळवंटातल्या मुंग्यांना तर शास्त्रज्ञांनी त्या अन्नापाशी पोचल्यावर पायांना बारीक काड्या लावून उंच केलं होतं, परतताना त्या घराच्या पुढे निघून गेल्या, कारण पावलं तितकीच पण प्रत्येक पाऊल लांब पडलं! म्हणजे त्या अंतर पावलांवर ठरवतात. हे ऐकल्यावर आमची मुलं दोन दिवस लंगड्या-लांब ढांगा टाकत मैदान मोजत होती.

नावांचं म्हणाल तर माझा नावांना विरोध नाही, घाईला आहे. पहिल्या दिवशी वीस झाडांना पाट्या दाखवत फिरवलं तर मूल पाटी बघतं, झाड नाही. म्हणून आम्ही आधी मुलांनाच नावं ठेवायला सांगतो, पान चोळून वास घ्या, सालीवर कागद धरून रंगखडू फिरवा, मग नाव ठेवा. एका वर्षी एका झुडपाला एका गटानं "खरखर्‍या" नाव दिलं आणि दुसऱ्यानं "औषधवाला", आणि चिठ्ठीवरून खजिना शोधायच्या खेळात सगळा घोळ झाला, एक गट अर्धा तास भलत्याच झुडपाखाली शोधत बसला. चांगलंच भांडण झालं. तेव्हा त्यांना कळलं की सगळ्यांसाठी एकच नाव का लागतं, आणि लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली झाडांना सरसकट दोन शब्दांची नावं देऊन नेमका हाच घोळ मिटवला हे त्या दिवशी सांगितलेलं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्यानंतर खरं नाव विचारायला मुलं स्वतः माझ्या मागे आली.

माती आणि किड्यांबद्दल. खायच्या आधी साबणानं हात धुणं हे आमच्याकडे सक्तीचं आहे, त्यात सूट नाही. न बघता भोकात हात घालायचा नाही, दगड उचलायचा तर पलीकडची कड आपल्याकडे ओढायची म्हणजे खाली जे असेल ते आपल्या उलट दिशेला पळेल, आणि बघून झालं की दगड हळूच जसाच्या तसा ठेवायचा कारण ते कोणाचं तरी छप्पर आहे. कोणत्याही प्राण्याला हात लावायची जबरदस्ती कोणावर नाही. एक मुलगी पाचही दिवस गांडुळापासून दोन हात लांब उभी राहिली आणि चित्र मात्र सगळ्यात बारकाईनं तिनंच काढलं, त्याच्या अंगावरचा तो जाड पट्टा फक्त तिला दिसला होता. गुडघे खरचटतात, हो, ते खरचटणार. त्याला मी धोका म्हणत नाही. मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी, दमा, हे धोके, आणि ते फॉर्मवर लिहून घेतले नसतील तर तो कॅम्प बेजबाबदार.

एका गोष्टीबद्दल मात्र तुमचे आभार मानते. मुलानं दिवसभर काय केलं हे पालकांपर्यंत पोचतच नाही, हे तुमच्यामुळे लक्षात आलं. आम्ही फोटो पाठवतो, फोटोत मूल उकिडवं बसलेलं दिसतं, त्यातून पालकांना काय कळणार. यावर्षीपासून मुलाच्या खिशात रोज एक चिठ्ठी देणार आहे, त्यावर मुलानं त्या दिवशी विचारलेला एक प्रश्न, त्याच्याच शब्दांत. उत्तर नाही लिहिणार.

आणि तुमच्या मुलाला कृपया "काय शिकलास" असं विचारू नका, या प्रश्नाला मोठ्यांनाही उत्तर सुचत नाही. "मुंग्या कुठून कुठे चालल्या होत्या?" असं विचारा. वाटेत काय होतं, ओझं घेऊन जाणारी मुंगी समोरून येणारीला भेटली की काय करते, ते विचारा. मग घरातली रांग शोधा, तिच्यावर एक सुकलेलं पान आडवं ठेवा आणि दोघं तिथेच खाली बसा, फोन आत ठेवून. मुंग्या पानावरून गेल्या, खालून गेल्या की बाजूनं वळसा घातला, आणि आधी कोणी काय ओळखलं होतं, ते मला नक्की कळवा.