बुकिंग कन्फर्म आहे

शुक्रवारी रात्री अकराला अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलला, तर यंत्रातली बाई सांगू लागली, की कुठल्याशा काउंटी जेलमधला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या तुरुंगातला, एक कैदी तुमच्याशी बोलू इच्छितो, फोनचे पैसे भरायला तयार असाल तर एक दाबा. मी झटक्यात फोन कट केला आणि बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. "नवीन फ्रॉड दिसतोय." 'तुमचा नातू जेलमध्ये आहे, ताबडतोब पैसे पाठवा' असल्या फोनांपासून सावध राहा, असं इथलं, म्हणजे अमेरिकेतलं, सरकार म्हाताऱ्यांना सारखं बजावत असतं. मला नातू नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. भाचा आहे, हे काही त्या क्षणी आठवलं नाही.

वीस मिनिटांनी भाच्याच्या रूममेटचा मेसेज आला. "मामा, बाळ्याला पोलिसांनी थांबवलंय म्हणून मेसेज आला होता. आता त्याचा फोन बंद. सव्हानाला निघाला होता."

कट केलेला फोन परत लावला, तर तो जेलचा नव्हताच. कैद्यांचे फोन जोडून देणाऱ्या कंपनीचा होता आणि तिकडून फक्त माझं क्रेडिट कार्ड हवं होतं. त्या बाईनं काउंटीचं नाव सांगितलं असणार, पण तोवर मी फ्रॉड पकडण्यात गर्क होतो.

"ऐकून तरी घ्यायचं होतं," बायको म्हणाली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, तेव्हापासून ती हेच म्हणते आहे.

आता आमच्या जॉर्जिया राज्यात मेकन शहराहून सव्हाना शहराला जाणारा आय-16 हा महामार्ग दीडशेहून जास्त मैलांचा. दोन्ही बाजूंना पाईनची झाडं. सरळ इतका, की स्टिअरिंगला नुसता हात लावून बसावं. एवढ्या अंतरात दहा-बारा काउंट्या लागतात. जॉर्जिया आकारानं महाराष्ट्राच्या साधारण निम्मं, पण आपल्याकडे जिल्हे 36 आणि इथे काउंट्या 159. इतक्या का, याची एक गोष्ट इथले लोक हमखास सांगतात. शेतकऱ्याला खेचराच्या गाडीतून काउंटीच्या गावी जाऊन, काम उरकून त्याच दिवशी घरी परतता यावं, म्हणून म्हणे काउंट्या एवढ्याशा ठेवल्या. खेचराची सोय बघितली. मध्यरात्री लॅपटॉप घेऊन बसलेल्या मामाची कोणी बघितली नाही. कारण प्रत्येक काउंटीचा शेरीफ, म्हणजे पोलिसप्रमुख, स्वतंत्र, तोही निवडणुकीतून आलेला, त्याचं जेल स्वतंत्र आणि त्या जेलची यादीही स्वतंत्र. सगळ्यांची मिळून एक यादी असावी, असं वाटणारा मीच पहिला भाबडा नसेन.

राज्याच्या तुरुंग खात्याची वेबसाइट आहे, चांगली आहे. पण तिच्यावर शिक्षा होऊन राज्याच्या तुरुंगात गेलेले लोक. बाळ्याला जेमतेम दोन तास झाले होते, तो तिथवर पोचणार कसा? केंद्राच्या तुरुंगांची वेगळी वेबसाइट, तिच्यावर 1982 पासूनचे कैदी सापडतात. घाबरलेला माणूस काहीही करतो, मी तिथेही शोधून पाहिलं.

मग गूगल. काउंटीचं नाव आणि 'कैदी शोध' टाकलं, की वर सगळी माहिती विकणारी दुकानं येतात. त्यातल्या एकात मी नाव भरलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली. 'न्यायालयीन कागदपत्रं तपासत आहोत.' 'अटकेच्या नोंदी तपासत आहोत.' मग लाल अक्षरांत, 'पुढील माहितीनं तुम्हाला धक्का बसू शकतो, तुमची तयारी आहे का?' मी बायकोचा हात धरला आणि 'हो' दाबलं. पट्टी आणखी पाच मिनिटं सरकली, शंभर टक्क्यांवर आली, आणि अहवाल बघण्यासाठी महिन्याची वर्गणी भरा म्हणाली. उत्सुकता म्हणून मी तिथे स्वतःचं नाव टाकलं. पुन्हा तीच पट्टी, तोच धक्का, तीच वर्गणी. आमच्या मांजराच्या नावावरही धक्कादायक माहिती उपलब्ध होती.

एवढ्यात पुण्याहून ताईचा फोन. तिच्याकडे शनिवारची सकाळ.

"अरे, बाळ्या फोन उचलत नाहीये. पोचला का सव्हानाला?"

"रेंज नसेल गं. रस्त्यावर जंगल आहे."

"मग राहायचं काय? बुकिंग केलंय ना त्यानं?"

अटक झालेल्या माणसाचं नावगाव लिहून घेणं, बोटांचे ठसे, फोटो, खिशातल्या वस्तूंची यादी, या सगळ्याला इथे 'बुकिंग'च म्हणतात. त्यामुळे मी अक्षराचंही खोटं न बोलता सांगितलं, "बुकिंग कन्फर्म आहे, ताई. फक्त सापडत नाहीये."

"एजंटाला फोन कर," ताई म्हणाली.

मी मेकनच्या पुढच्या काउंट्या एकेक करून धरल्या. एकीच्या वेबसाइटवर शेरीफसाहेबांचा घोड्यासकट फोटो होता, यादी नव्हती. एकीवर यादी होती, पण मंगळवारची. एक म्हणाली, माहितीसाठी लेखी अर्ज फॅक्सनं पाठवावा. शेवटी मी सरळ जेलमध्येच फोन लावायला सुरुवात केली. तिसऱ्या की चौथ्या जेलमध्ये एका बाईंनी उचलला. दक्षिणेतलं लाघवी, लांबवलेलं इंग्रजी.

"नाव सांग, हनी."

"क्षीरसागर."

पलीकडे शांतता. मग, "स्पेलिंग सांग, हनी."

"के, एस, एच..."

"थांब. के आणि मग एस?"

"हो."

"त्यांच्या मध्ये काहीच नाही?"

"काहीच नाही."

"ब्लेस यॉर हार्ट," बाई म्हणाल्या. याचा शब्दशः अर्थ देव तुझं भलं करो. दक्षिणेत पुष्कळदा त्याचा भावार्थ 'अरेरे, बिचारा' असा असतो. त्यांनी यादी पाहिली आणि ठामपणे सांगितलं, की आमच्याकडे के-एसनं सुरू होणारा कोणीही नाही, असता तर माझ्या लक्षात राहिला असता. मला ते पटलं. मी पुढच्या काउंटीकडे गेलो.

जाता जाता कांद्याबद्दल सांगतो. याच भागात विडालिया नावाचा गोडसर कांदा होतो. तो नेमक्या 20 काउंट्यांत पिकला तरच त्याला विडालिया म्हणायचं, असा राज्याचा 1986 चा कायदा आहे. 1990 मध्ये त्याला राज्याची अधिकृत भाजी केलं. म्हणजे सव्हानाच्या बाजारातला कांदा कोणत्या काउंटीतून आला हे कायद्यानं सांगता येतं, पण सव्हानाला निघालेला क्षीरसागर कोणत्या काउंटीत गेला हे सांगता येत नाही. आपल्या लासलगावच्या कांद्याला राज्याची अधिकृत भाजी केलं असतं तर आमच्या नाशिकच्या काकांनी पेढे वाटले असते.

पहाटे तीनच्या सुमारास बायको म्हणाली, नाव सोडून दे, वेळ बघ. मग आम्ही रात्री नऊनंतर आत आलेल्यांच्याच नोंदी चाळू लागलो. फोटो नव्हते. अटकेचे फोटो पोलिसांनी वेबसाइटवर टाकू नयेत, असा जॉर्जियात 2014 पासून कायदा आहे. एरवी मी त्याचं कौतुक केलं असतं. एका यादीत रात्री 10 वाजून 12 मिनिटांची नोंद होती.

'सागर, क्षीर डी.'

बायकोनं नोंद मोठ्यानं वाचली आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. कोणीतरी आडनाव मधोमध फोडलं होतं. अर्ध्याचं आडनाव, अर्ध्याचं नाव, आणि बाळ्याचं खरं नाव कुठेच नाही. राहिला फक्त वडिलांचा, म्हणजे दत्तात्रयरावांचा 'डी'. शेषशायी विष्णू क्षीरसागरात पहुडतो हे ठाऊक होतं. क्षीरसागर स्वतःच जेलच्या बाकावर पहुडलेला पहिल्यांदा पाहिला. आणि काउंटी कुठली? 'ब्लेस यॉर हार्ट'वाल्या बाईंचीच.

खाली सगळा तपशील होता. वाचता वाचता जाणवलं, असला कागद मी आधी पाहिलाय. नाव, जन्मतारीख, उंची, वजन, केसांचा रंग. फक्त गोत्र आणि अपेक्षा हे दोन रकाने कमी. आणि पत्रिकेच्या जागी आरोप. ताईनं गेल्या दिवाळीत बाळ्याचा बायोडाटा नातेवाइकांत फिरवला होता, त्यात उंची पाच फूट अकरा आणि बांधा सडपातळ. काउंटीच्या मते पाच फूट आठ आणि 181 पौंड, म्हणजे 82 किलो. वधूपक्षानं यापुढे थेट शेरीफकडे चौकशी करावी.

आरोप दोन. मागचा दिवा बंद, आणि लायसन्स निलंबित असताना गाडी चालवणे. सहा महिन्यांपूर्वी स्पीडिंगचं तिकीट मिळालं होतं. कोर्टाची तारीख हे साहेब विसरले. तारीख चुकवली की लायसन्स निलंबित होतं, आणि ते कळवणारं पत्र गेलं जुन्या पत्त्यावर. तिथे आता एक कोरियन जोडपं राहतं.

त्याखाली जामिनाची रक्कम, 1,200 डॉलर. इथे दोन मार्ग. जामीनदार कंपनीकडे दहा ते पंधरा टक्के भरायचे, ते गेलेच समजायचे. किंवा सगळी रोकड स्वतः भरायची, पोरगा तारखेला हजर राहिला की खटला संपल्यावर परत मिळते. पोराचा तारखांबाबतचा इतिहास बघता मी विचारात पडलो होतो. बायकोनं तांदळाच्या डब्यातून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. या घरात तांदळाच्या डब्यात पैसे असतात, हे मला त्या रात्री कळलं.

सकाळी आठला आम्ही त्या गावात. कोर्टाची इमारत, तिच्यासमोर सैनिकाचा पुतळा, शेंगदाण्याचं गोदाम, आणि मागच्या गल्लीत विटांचं बुटकं जेल. काचेपलीकडे बहुधा त्याच बाई होत्या. पैसे त्यांनी दोनदा मोजले. मग एक पारदर्शक पिशवी आणि यादी पुढे केली. बाळ्या आतून आला, पायात लेस नसलेले बूट, नजर माझ्या शर्टाच्या बटणांवर.

"सॉरी, मामा."

"जेवलास का?" माझ्या तोंडून हेच निघालं. आमच्या घराण्याला दुसरं काही विचारता येत नाही.

बाई एकेक वस्तू वाचत होत्या आणि तो सही करत होता. फोन, एक. पट्टा, एक. लाल दोरा, कापलेला, एक. परदेशी नाणं, एक, किंमत माहीत नाही. तो एक रुपया निघताना ताईनं पाकिटात ठेवायला दिला होता. त्याचीही वेगळी सही झाली.

शेवटी बाईंनी लायसन्स उचललं, चष्मा लावला, संगणकाकडे पाहिलं, परत लायसन्सकडे पाहिलं.

"अरे देवा. कोर्टाच्या कागदांवर बरोबर आहे, पण आमच्या वेबसाइटवर नाव चुकलंय की, हनी. ती यादी सगळे उचलतात, इंटरनेटवर कुठे कुठे जाते. करू का दुरुस्त? दोन मिनिटांचं काम आहे."

बाळ्यानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"नको, नको," आम्ही तिघंही एकदम म्हणालो. "छान आहे तसंच."