शीट एचआरची, रात्र माझी

दर एप्रिलला तेच. बदल्या, बढत्या झाल्या की आम्हा आयटीवाल्यांना एचआरचा मेल येतो: "चारशे जणांचं डिपार्टमेंट, पद, मॅनेजर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत बदलून द्या. स्क्रिप्टने पाच मिनिटांचं काम आहे ना?" (ही डिरेक्टरी म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांच्या लॉगिन खात्यांची नोंदवही.)

स्क्रिप्ट पाच मिनिटांचीच आहे हो! शीटची सीएसव्ही, म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, वाचणारी इम्पोर्ट-सीएसव्ही कमांड, एक लूप, आणि खात्यातली माहिती बदलणारी सेट-एडीयूजर. पण तुमची शीट निस्तरण्यात दोन दिवस जातात त्याचं काय? एम्प्लॉयी कोड ००४१७ होता, एक्सेलनं पुढची शून्यं गिळून ४१७ केला. ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल नंबर सीएसव्हीत ९.१९ई+११ होऊन बसतो. मागचे आकडे गेले ते गेलेच, मी कुठून आणू?

आणि मॅनेजरच्या रकान्यात काय, तर "कुलकर्णी सर". अहो, आपल्याकडे तीन कुलकर्णी आहेत! डिरेक्टरीला लॉगिन नाव लागतं. चुकीचा कुलकर्णी लागला की कुणाच्या तरी रजेचा अर्ज भलत्याच माणसाकडे जाऊन पडतो, आणि तो बिचारा गावी जायचं तिकीट काढून वाट बघत बसतो. याचा मला खरंच त्रास होतो.

जुनी माहिती एक्सपोर्ट करून, व्हॉटइफ लावून (म्हणजे काही न बदलता, काय बदलेल ते नुसतं बघून) तपासतो म्हटलं की "इतका वेळ कशाला?" कारण सेट-एडीयूजरला अनडू नाही, म्हणून!

कोडचा रकाना टेक्स्ट ठेवा आणि मॅनेजरचा ईमेल लिहा, त्यावरून लॉगिन नाव मी शोधतो. तीन वर्षं एवढंच मागतोय.